राख घ्या हो, राख!

जमीन सुधारायची असेल तर तिच्यात राख कालवावी, हा शोध आपल्याकडे औष्णिक वीज केंद्रांनी लावला. शेतकऱ्यांनी नव्हे. शेतकऱ्याला बिचाऱ्याला आपल्या वावराला काय हवंय ते कुठून कळणार? ते कळतं ज्याच्या अंगणात ढीग साचलाय त्याला.

ढीगही साधासुधा नाही. देशी कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राखच असते. चार हजार टनांची एक मालगाडी चंद्रपूरला नाहीतर कोराडीला रिकामी झाली की त्यातल्या बाराशे ते अठराशे टनांची वीज होत नाही, ते मागच्या दारानं बाहेर येतात. अशा गाड्या येतच राहतात. त्या राखेतली बारीक, कोरडी, चिमणीच्या वाटेत पकडलेली जात असते तिला मान आहे. सिमेंटवाले पैसे मोजून, बल्करमध्ये बसवून तिला नेतात. उरलेली पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या तलावात सोडायची. वर्षानुवर्षं ती तिथं बिनलग्नाची पडून राहते. मग वडीलधाऱ्यांना शेतकऱ्याचं स्थळ आठवतं.

घाई समजण्यासारखी आहे. १९९९च्या सप्टेंबरपासून केंद्र सरकार अधिसूचना काढून सांगतंय, राख वापरा. मुदती आल्या, वाढल्या, गेल्या. २०१७ची मुदतही अशीच वाहून गेली. शेवटी ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई लावली. राखेचे गुण तसे १९९४च्या फ्लाय अ‍ॅश मिशनपासून सापडतच होते. पण टनाला हजार म्हटल्यावर डोळ्यांवरची झापडं जरा लवकर उतरतात.

आता शेतकरी मेळाव्यात उभं राहून वीज केंद्राचे साहेब जे सांगतात ते सगळं खोटं असतं असं मुळीच नाही. काळी भारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात चिकटून बसते. तिच्यात राख मिसळली की ती थोडी मोकळी होते, पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते. पालाश, गंधक, जस्त, बोरॉन असं थोडंथोडं हातालाही लागतं. नत्र मात्र नाही, आणि सेंद्रिय कर्बाच्या नावानं आनंद. भट्टीत जळण्यासारखं जे होतं ते जळलं म्हणून तर तिची राख झाली. म्हणून साहेब सांगतात, सोबत शेणखत टाका. शेणखत टाकलं की पीक वाढतं. पीक वाढलं की श्रेय राखेला. हीच युक्ती वापरून मी धोंड्यांचाही खत म्हणून खप करून दाखवीन, फक्त शेणखत भरपूर द्या.

‘तुमची आजी चुलीतली राख परसात टाकत नव्हती का?’ हा साहेबांचा हुकमी एक्का. टाकायची की! पण तिच्या चुलीत पऱ्हाट्या आणि बाभळीची ढलपी असायची. झाडानं वावरातून जे उचललं ते वावरात परत, असा तो घरचा व्यवहार. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात खडकाशेजारी राहून आलेला गडी. त्याच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, सेलेनियम असे सोबतीही निघतात. कुठल्या खाणीतून आला त्यावर कमीजास्त. बोरॉनचं तर विचारूच नका. तो पिकाला लागतो चिमूटभर आणि चिमूट सैल झाली की पानांच्या कडा करपतात. आजीच्या चुलीवर असला हिशेब ठेवायची वेळ आली नव्हती.

आणखी एक गंमत. अल्कधर्मी राख मानवते ती आम्ल जमिनीला. आम्ल जमीन आहे कोकणात. राखेचे डोंगर आहेत बहुतांशी विदर्भात, जिथली काळी जमीन आधीच अल्काकडे झुकलेली. चंद्रपूरहून कोकण म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा, टिपरचं भाडं कोण भरणार? तेव्हा ज्याला पित्त त्याला मिरचीचा ठेचा, कारण ठेचा इथंच वाटलाय.

परळीकडे मात्र हा असला प्रचार करावा लागत नाही. तिथं राखेला इतकी किंमत आली की ती कोणी उचलायची यावरून दांडगाई चालते आणि वर्तमानपत्रांना ‘राख माफिया’ असं सदर चालवावं लागतं. सोनं सापडलेल्या गावाची ही कळा असते. शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं येतं ते ताडपत्री न बांधलेल्या टिपरमागून उडणारं.

फुकट घरपोच योजनेचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र नागपूरजवळ झाला. जुलै २०२२च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला. अर्ज नाही, रांग नाही, आधारकार्डाची झेरॉक्स नाही. राखड थेट वावरात. थोडी घरांतही शिरली, थोडी कोलार नदीतून कन्हानला मिळाली, म्हणजे नागपूरकरांच्या पिण्याच्या पाण्याचीही सोय बघितली गेली. इतका लाभ मिळूनही शेतकरी नुकसानभरपाई मागत बसले. चिखल सुकून सिमेंटसारखा करडा पापुद्रा धरला, त्याखाली रोपं दबली, ही त्यांची तक्रार. जमिनीचा पोत सुधारतोय हे कोणी त्यांना वेळेवर समजावलंच नाही.

राख शेतात टाकायची ती नियंत्रित पद्धतीनं आणि मातीची तपासणी करूनच, असं अधिसूचना म्हणते. चांगलं म्हणते. म्हणून साहेबांनी मेळाव्यात मृदा आरोग्य पत्रिका उंच धरली. तेव्हा मागच्या रांगेतून एक गमछेवाले काका उठले.

‘साहेब, मातीची तपासनी करा म्हनता, बरं हाय. राखडीची केली काय जी?’

साहेबांनी पत्रिकेकडे बघितलं. तिच्यात बारा रकाने असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. आर्सेनिकचा रकाना नाही, शिशाचा नाही, क्रोमियमचा नाही. म्हणजे या पत्रिकेपुरता तरी तुमच्या वावरात विषाचा मागमूस नाही, कारण विचारलंच नाही.

‘ते प्रयोगशाळेत होतं,’ साहेब म्हणाले. ‘तुम्ही काळजी करू नका. हेक्टरी वीस टन टाकून बघा. फुकट आहे.’

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘माही पाच एकर, म्हंजे दोन हेक्टर. चाळीस टन राखड. ते तुमच्याकडं पडून राहिली तं टनामागं हजार, म्हंजे चाळीस हजाराचा दंड. माह्या वावरात पडली तं तुमचे चाळीस हजार वाचले. मंग फुकट कोन कोनाले देऊन राह्यलं?’

साहेबांनी सूत्रसंचालकाला आभारप्रदर्शनाची खूण केली.

काकांच्या हिशेबात चूक असेल तर वीज कंपनीनं ती खुशाल दाखवावी. नसेल तर तलाठ्यानं सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात कंपनीची राख चढवावी: टन किती, कधीपासून, आणि दरसाल जागाभाडं काय ठरलं.