वास आल्यावरची पंचाईत

घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दोन्हींना सांगण्यासारखा वास नाही. म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी रसायन अगदी किंचित मिसळतात. 1937 साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाच्या नैसर्गिक गॅसचा स्फोट झाला, सुमारे 300 माणसे गेली, त्यात बहुतेक मुले. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याची सक्ती झाली. इतकी किंमत मोजून आलेल्या या वासाचे सोलापुरी घरात पहिले स्वागत होते ते ‘उंदीर मेलाय वाटतं’ या वाक्याने.

मग माळा तपासला जातो, मोरीत बादलीभर पाणी ओतले जाते, शेजारच्या काकूंना हाक जाते. ‘काय तर वास यायलाय बघा.’ ‘यायलाय की, सकाळपासनं यायलाय!’ मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात वास सगळ्यांना एकसारखाच येतो, आणि त्यावर मत नसलेला माणूसही कुठल्याच भाषेत सापडत नाही. गॅस मात्र चर्चेला थांबत नाही. हवेपेक्षा तो दीड ते दोन पट जड. त्यामुळे खाली बसतो, पलंगाखाली सरकतो, मोरीत साचतो. उभ्याने चर्चा करणाऱ्यांच्या नाकाला तो कमी लागतो आणि खाली रांगणाऱ्या बाळाला जास्त. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 ते 9 टक्के झाले की एक ठिणगी पुरते.

गळतीचे मूळ पुष्कळदा शेगडीतच असते. कडक भाकरीचे उदाहरण घ्यावे. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर निवांत वाळवत, कापडाने दाबत कडक करायची; बर्नर अगदी बारीक ठेवलेला. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, म्हणून पंखा चालू. वाऱ्याने ज्योत विझते, बटण चालूच राहते, आणि भाकरी कडक का होईना म्हणून तव्यावर संशय घेतला जातो.

दुसरे ठिकाण नळी. नारिंगी सुरक्षा नळीचे आयुष्य पाच वर्षांचे आणि साल तिच्यावरच छापलेले असते. पण नळी मळू नये म्हणून तिला जुन्या पडद्याचे कव्हर शिवण्याची प्रथा आहे. नळी स्वच्छ राहते. साल आणि चिरा दोन्ही झाकल्या जातात. टाकीची तारीखही अशीच कुणी बघत नाही. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला ती असते: डी-27 म्हणजे 2027 च्या शेवटच्या तिमाहीत टाकीची चाचणी व्हायची आहे. तोंडाशी दोरीने बांधलेले टोपण तर सील निघताच खिडकीत जाते आणि तिथून मुलांच्या खेळात. गळक्या व्हॉल्व्हवर बसवायला नेमके तेच लागते.

गळती शोधण्याचे घरगुती शास्त्र दोन पंथांत विभागलेले आहे. एक पंथ साबणाच्या पाण्याचा: फेस लावायचा, बुडबुडे फुगले की तिथे गळती. दुसरा काडीपेटीचा. हे लोक लहानपणापासून असेच बघत आलो, काही होत नाही, असे सांगतात. ज्यांना काही झाले ते सांगायला येत नाहीत, एवढाच या शास्त्राचा पुरावा. गळती शोधण्याशी संबंध नसलेला तिसरा एक किरकोळ पंथ गॅस संपत आला की टाकी आडवी करणाऱ्यांचा. पाहुणे दारात, नंबर कालच लावलेला, मग टाकी जमिनीवर लोळवतात. तिच्यात गॅस द्रवरूपात असतो. आडव्या टाकीतून तोच द्रव रेग्युलेटरकडे येतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट फुगतो. त्यापेक्षा पाहुण्यांना शेंगाचटणी आणि दही वाढावे.

वास आला की शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा, जमल्यास रेग्युलेटर काढून टोपण बसवावे. देवघरातली समई आणि उदबत्ती शांत करावी, देव रागावत नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेच्या बटणाला मात्र हात लावू नये, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. वास जाण्यासाठी एक्झॉस्ट फॅन लावणारे हेच विसरतात. मग सगळ्यांनी बाहेर पडावे. बघायला आलेल्या काकूंनीही, आणि त्यांनी बेल न वाजवता हाक मारून यावे.

टाकीच्या तोंडाशी गॅसने पेट घेतलाच तर ओली सुती चादर कामी येते, आणि सोलापुरात ती शोधावी लागत नाही. चादर चिंब भिजवून पुढे धरावी, तिच्या आडून टाकीवर टाकावी आणि लगेच गॅस बंद करावा. नुसती ज्योत विझवून गॅस वाहता ठेवला तर धोका वाढतो. नायलॉनची साडी या कामाला नाही. आग मोठी असेल तर चादरही नको. बाहेर पळावे आणि 101 वर अग्निशमन दलाला बोलवावे.

नुसत्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन घराबाहेर, मोकळ्यावर येऊनच लावावा. आणि नळीचे कव्हर आजच काढून साल वाचावे.