दर्यावर जाण्याआधी थोडं बेट

सागरी प्रशिक्षणाला निघालेल्या पोरानं आधी चार दिवस अंदमानात काढावेत, असं आता कोल्हापुरातही सुचवलं जातं. हवेची सवय होते म्हणे. बापाचा हिशेब सरळ: पुढं पाण्यावरच राहायचंय, मग पाणी बघायला वेगळे पैसे कशाला? आई केव्हाच कामाला लागलेली. कांदा-लसूण चटणीच्या पुडीवर दुसरी पिशवी, वर रबर, रबरावर दोरा. अंदमानातल्या स्वराज द्वीपावरही जेवायला मिळतं, हे तिला अजून कुणी पटवू शकलेलं नाही.

खरं तर बेट हाताशी आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसावं, सकाळी मुंबई. उष्ण कटिबंध, नारळ, चारी बाजूंनी पाणी, पावसाळ्यात वरूनही. १८७० साली आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला निघाले ते इथूनच. वय अवघं वीस. वाटेत त्यांनी रोजनिशी लिहिली. परतताना फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. रोजनिशी १८७२ मध्ये लंडनात छापली गेली.

आजचं पोरगं रोजनिशी लिहीत नाही. गुडघाभर पाण्यातले फोटो पाठवतं, एकसारखे. खाली आत्याचा एकच प्रश्न: ‘जेवलास काय?’