नानांचा अर्धा मिलिमीटर

नानांच्या घरात किल्ल्या चार आणि की-होल्डर अकरा. दारामागे हत्तीचा, त्याखाली मोराचा, फ्रिजशेजारी कासवाचा, देवघराच्या बाजूला नुसत्या वेलबुट्टीचा. एवढं असूनही काकू किल्ली पर्समध्येच ठेवतात, कारण कुठली किल्ली कुठल्या प्राण्याला लावली हे आयत्या वेळी आठवत नाही.

हे सगळे प्राणी नानांनी स्वतः कापलेले. त्यांच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला लागून स्क्रोल सॉ नावाचं यंत्र बसवलेलं आहे. एक लोखंडी टेबल, त्यावर मागून पुढे आलेला लांब हात, आणि त्या हाताच्या टोकापासून टेबलाखालपर्यंत ताणून बसवलेलं पाच इंची बारीक पातं. हे पातं मिनिटाला ४०० ते १,६०० वेळा खाली-वर होतं, पण जागा सोडत नाही. वळायचं, फिरायचं, गिरक्या घ्यायच्या त्या लाकडाने. हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर विशेष समाधान असतं. लेखापरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी याच तत्त्वावर झाली: आपण खुर्ची सोडायची नाही, फिरायचं ते समोरच्याने.

नाना आमच्या सोसायटीत राहतात हा केवळ योगायोग. असा एक गृहस्थ हल्ली बऱ्याच सोसायट्यांत सापडतो. शाळेत हस्तकलेच्या तासाला यू आकाराच्या हातकरवतीने प्लायचा ससा कापलेला असतो. सशाचा एक कान तुटलेला असतो. मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं नोकरी, संसार, कर्ज, मुलांची शिक्षणं, आणि निवृत्तीनंतर एका दुपारी यूट्यूबवर कुणीतरी पांढऱ्या दाढीचा अमेरिकन माणूस अक्रोडाच्या फळीतून हरीण कापताना दिसतो. तुटलेला कान आठवतो. मुलगा बंगळुरूहून एकसष्टीची भेट म्हणून सोळा इंची यंत्र ऑनलाइन पाठवून देतो आणि स्वतः बंगळुरूलाच राहतो, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

सोळा इंची म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर सोळा इंच. तेवढ्या जागेत फळी फिरेल तेवढं तुमचं राज्य. नानांच्या बाबतीत राज्याला आणखी एक सीमा आहे, ती वॉशिंग मशीनची. मोठी फळी वळवायची वेळ आली की आतून हाक येते, "अगं, झाकण उघडू नकोस!" आणि बाहेरून उत्तर येतं, "अहो, कपडे ड्रायरला लागलेत!"

सुरुवातीचे दिवस पात्यांचे असतात. यंत्राबरोबर आलेली पाती टोकाला आडवी पिन असलेली. ती पिन आत घालायची तर भोक मोठं पाडावं लागतं, आणि नाजूक जाळीत मोठं भोक म्हणजे सरळसरळ गैरव्यवहार. म्हणून नानांनी पकड बदलून घेतली आणि बिनपिनेची पाती शोधायला बोहरी आळी गाठली.

"स्क्रोल सॉची पाती आहेत? पाच नंबर, रिव्हर्स टूथ."

"हॅक्सॉ?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"हॅक्सॉ नाही हो, स्क्रोल."

"जिगसॉ देऊ?"

मग नानांनी त्याच्याच बिलबुकाच्या पाठीमागे पातं काढून दाखवलं. पात्याचे दात खाली तोंड करून असतात, म्हणून खाली जाताना कापतात. पण त्यामुळे प्लायच्या पोटाकडून कुसळं निघतात. यावर उपाय म्हणून खालचे थोडे दात उलटे, वर तोंड केलेले असतात. पातं वर येताना ते खालची बाजू साफ करत येतात. मागे अर्ध्या इंचाच्या एल्बोसाठी उभा असलेला प्लंबर हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. दुकानदाराने शांतपणे बिलबुक ओढून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही ऑनलाइन मागवा."

आता पाती डझनाने घरी येतात. पातं चढवलं की नाना ते बोटाने छेडतात आणि कान लावतात. ढिलं पातं भद्द बोलतं आणि कापताना रेघ सोडून भटकतं. नीट ताणलेलं पातं स्वच्छ टणत्कार देतं. काकू संगीताच्या तीन परीक्षा दिलेल्या. स्वयंपाकघरातून त्या नुसतं "अजून उतरलेलं आहे" म्हणतात, आणि नाना मुकाट्याने चावी आवळतात. या घरात काकूंचं संगीत एवढ्यासाठीच उपयोगात आलं.

कामाची वेळ सकाळी दहा ते दीड आणि दुपारी चार ते सहा. मधल्या वेळात खालच्या मजल्यावर वामकुक्षी असते, आणि यंत्राखाली रबराची चटई घातलेली असली तरी तिची हमी नाना देत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी यंत्र बंद. एखाद्या दिवशी कंटाळा आला तर नाना काकूंना आदल्या रात्री सांगतात, "उद्या रजेवर आहे."

प्रत्यक्ष कापताना मात्र माणूस बघण्यासारखा असतो. नक्षीचा कागद फळीवर चिकटवलेला, त्यावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे पातं तापून लाकूड करपत नाही. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. या अवतारात दार उघडल्यावर कुरिअरवाला दोन पायऱ्या खाली उतरतो. आतली जाळी कापायची तर आधी प्रत्येक जागी गिरमिटाने बारीक भोक. मग पातं वरून सोडवायचं, फळी उचलून त्या भोकातून पातं ओवायचं, परत अडकवायचं, ताणायचं, छेडायचं, आणि मग तांदळाएवढा तुकडा कापून काढायचा. कमळाच्या एका पाटीत दीडशे भोकं असली तर हा विधी दीडशे वेळा. आधी मधली बारीक भोकं, मग मोठी, बाहेरची कड सर्वांत शेवटी, कारण कड आधी कापली तर हातात धरायला लाकूडच उरत नाही. नोकरीत फायली लवकर निकाली न काढल्याबद्दल ज्यांचा लौकिक होता, त्या नानांना हा क्रम पाठ करावा लागला नाही.

बघायला आलेल्या पाहुण्याला इतिहास मोफत. चहा येईपर्यंत फ्रान्स: चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे शार्ल बूल पितळेचा पत्रा आणि कासवाची पाठ एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. त्यामुळे याचा तुकडा त्यात अचूक बसायचा आणि एका कापणीत एकमेकींच्या उलट दोन नक्ष्या मिळायच्या. चहा संपेपर्यंत इंग्लंड: १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांनी जुळवत जुळवत भूगोल शिकावा म्हणून, आणि जिगसॉ पझल जन्माला आलं. पाहुणा उठेपर्यंत त्याच्या हातात कासवाचा की-होल्डर आलेला असतो.

कारण या छंदात कापणं हे निम्मंच काम, उरलेलं निम्मं म्हणजे कापलेलं खपवणं. की-होल्डर संपले, म्हणजे घेणारे संपले, तेव्हा नाना नावाच्या पाट्यांकडे वळले. देवनागरीचं त्यांना फार कौतुक. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं कापून पुन्हा चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, अख्खं आडनाव एका तुकड्यात निघतं. ही थिअरी जोशी आणि पाटील यांच्या पाट्यांपर्यंत निर्दोष चालली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांच्या पाटीत अनुस्वार कशालाच चिकटलेला नसल्यामुळे कापताक्षणी खाली पडला आणि भुशात गेला. दोघांनी मिळून भुसा चाळणीने चाळला. शेवटी नानांनी शिसवाच्या तुकड्यातून नवं टिंब कापून फेव्हिकॉलने मागच्या पट्टीवर बसवलं. सागवानी शिंद्यांवर काळा अनुस्वार आजही उठून दिसतो, आणि मुद्दाम तसा केला आहे असं शिंदे आल्यागेल्याला सांगतात.

पाट्यांनंतर माणसांचे चेहरे. फोटोतला काळा भाग कापून टाकायचा, उरलेल्या लाकडामागे काळा कागद लावायचा, की चेहरा उमटतो. अट एकच, उरलेलं सगळं लाकूड एकमेकांना कुठेतरी जोडलेलं पाहिजे. काळ्या बुबुळातला उजेडाचा ठिपका सुटा राहिला की तो गळतो, आणि डोळा विझतो. नानांच्या साडूंच्या वडिलांचा एक ठिपका भांडीवाल्या मावशींना केर काढताना सापडला होता, त्यांनी तो जपून काकूंच्या हातात दिला. असं होऊ नये म्हणून मध्ये पूल ठेवतात. नानांनी पुढच्या फळीत सुरक्षिततेसाठी वरच्या ओठापासून कानापर्यंत एक भरभक्कम पूल ठेवला. वर्षश्राद्धाला तसबीर भिंतीवर लागली तेव्हा सगळ्यांनी नमस्कार केला. फक्त धाकट्या नातीने विचारलं, "पणजोबांना मिशी कधी होती?"

मखराचा उद्योग सर्वांत मोठा. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि सोसायटीच्या गणपतीपुढे प्रश्न उभा राहिला. नाना उभे राहिलेलेच होते. सहा मिलिमीटर प्लायचं मखर, जाळीदार कमान, दोन खांब, वर कळस. सोळा इंचांच्या मर्यादेमुळे सगळं तुकड्या-तुकड्यांत. लेखापरीक्षकाने प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि तो नक्षीच्या कागदावर लिहिला. कापून झाल्यावर थिनर लावून सगळे कागद सोलून काढले. क्रमांकही गेले.

चतुर्थीच्या आदल्या रात्री क्लबहाउसच्या फरशीवर मखर पसरलेलं आणि भोवती अर्धी सोसायटी गुडघ्यांवर. "नाना, बाप्पा उद्या सकाळी येताहेत," चेअरमन अधूनमधून म्हणत होते. नाना स्पिल्सबरीबद्दल सांगत होते. पहाटे मखर उभं राहिलं. दोन तुकडे उरले, ते कुठले हे आजवर कळलेलं नाही. मखर मात्र दहा दिवस तसूभर हललं नाही, आणि तेव्हापासून ते दरवर्षी वापरतात. उरलेले साडेअकरा महिने ते नानांच्या पलंगाच्या पेटीत असतं. थर्मोकोल पर्यावरणाला घातक होता हे काकूंना मान्य आहे, पण तो दहा दिवसांनी घरातून जात तरी होता, असं त्या म्हणतात.

नानांचा शत्रू एकच: लेझर. पाट्यांच्या दुकानात संगणकावर नक्षी चढवली की काही मिनिटांत जाळी तयार. प्रदर्शनात अशी वस्तू दिसली की नाना ती उलटी करतात, कड तपासतात, नाकाला लावतात आणि जाहीर करतात, "ही कापलेली नाही, जाळलेली आहे." कड काळी असते हे खरंच. एकदा दुकानातल्या पोराने त्यांना मनापासून सांगितलं, "काका, तुमचं डिझाइन द्या, एकसारखे पन्नास काढून देतो." नाना घाबरून बाहेर आले. अकराव्याला घर मिळत नाही, पन्नास कुठे ठेवायचे?

शिवाय लेझर चुकत नाही, ही त्यांची खरी अडचण. नाना वस्तू दाखवतात तेव्हा नक्षी दाखवत नाहीत, चूक दाखवतात. "हे बघा, मोराच्या तिसऱ्या पिसाला. अर्धा मिलिमीटर बाहेर गेलंय." आपण चष्मा वर करतो, खाली करतो, उजेडात धरतो. काही दिसत नाही. नानांना दिसतं. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, लाकडाची जात, पात्याचा नंबर आणि खाली एक ओळ असते: 'आक्षेप: तिसरं पीस.' उभी हयात दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप काढलेल्या माणसाला अखेर स्वतःचं काम तपासायला मिळालं आहे, आणि त्याने स्वतःलाही सोडलेलं नाही. त्यांचा हा एक गुण मला त्यांच्या सगळ्या जाळ्यांपेक्षा मोठा वाटतो. कचेरीत तो किती जणांना परवडला असता, हा भाग निराळा.

तेव्हा तुमच्या इमारतीत असे कुणी नाना असतील आणि त्यांनी काही दिलं, तर नाही म्हणू नका, आणि माळ्यावरही टाकू नका. त्यांच्याकडे वही असते. कुणाला, कधी, कशानिमित्त दिलं आणि वस्तूची सद्यःस्थिती काय, असे रकाने असतात. तपासणीला ते न कळवता येतात. खिळा ठोका, कासव टांगा, निदान सायकलची किल्ली तरी त्याला लावा. आणि नाना चूक दाखवतील तेव्हा 'कुठे, मला तर दिसत नाही' असं म्हणू नका. 'हो, थोडी दिसते खरी' म्हणा. त्यांना कौतुक त्यातच वाटतं.