अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं घर

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

रिचर्डसन, टेक्सास
ऑगस्ट 2024

ती. दादा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, वास्तुशांतीची तारीख कुणीही काढू नका. तुमच्या जावयांनी ग्रुपवर ज्या घराचे फोटो टाकले ते घर आमचं नाही. आत्याबाईंचं अभिनंदन पोचलं, नानांनी श्रावणातला मुहूर्तही कळवला, आणि मामींनी तर येताना कोणत्या रंगाचं पातळ आणू असं विचारलं. फोनवर सगळं सांगायला घेतलं की आई मधेच ‘जेवलात का’ म्हणते आणि मुद्दा तिथंच राहतो. म्हणून सविस्तर लिहिते. बाळूकडून छापून घ्या आणि चष्मा लावून वाचा.

घर 1959 सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी इथं डॅलसमध्ये जॅक किल्बी यांनी पहिली चिप बनवून दाखवली. तुमच्या जावयांचा पगार चिपच्याच धंद्यातून येतो, त्यामुळे सालाचा आकडा ऐकूनच त्यांना घराविषयी जिव्हाळा वाटायला लागला. बाहेरून विटा, आतून सगळं कोरं. पांढऱ्याफेक भिंती, राखाडी फरशी, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध एक दगडी ओटा. त्यावर महालक्ष्म्या बसवून उरलेल्या जागेत पंगत वाढता येईल एवढा. जावयांनी त्या ओट्यावरून हात फिरवला आणि पिवळे झाले. त्यांना अर्धं हळकुंडसुद्धा लागलं नाही.

इथं हा एक धंदाच आहे, फ्लिप म्हणतात. कुणा म्हाताऱ्या माणसाचं जुनं घर रोख पैसे मोजून स्वस्तात उचलायचं, दोन-तीन महिने रंगरंगोटी करायची आणि चढ्या भावानं बाजारात काढायचं. त्यांनी कितीला घेतलं होतं ते आपल्याला कळत नाही, कारण टेक्सासात विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करायची सक्ती नाही. मात्र कधी घेतलं ते काउंटीच्या दप्तरात दिसतं, आपल्याकडच्या फेरफारासारखं. आमचा विक्रेता चार महिन्यांपूर्वी मालक झालेला. आमच्या एजंटबाई म्हणाल्या, हा तरी थांबला. विकणाऱ्याकडं नव्वद दिवसही न राहिलेलं घर एफएचएच्या सरकारी हमीचं कर्ज काढून घेता येत नाही, म्हणून काही जण ब्याण्णवाव्या दिवशी पाटी लावतात.

किंमत सव्वाचार लाख डॉलर. दादा, चौऱ्याऐंशीनं गुणू नका. गुणलंच तर तेवढ्यात आपल्या गावी जवळ्याला किती एकर आलं असतं ते आईला सांगू नका. वर कर्जाचं व्याज साडेसहा टक्क्यांच्या पुढं.

आता हळदीचं बघा. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये फिरवून पॉलिश केली की सगळीच देखणी दिसते. म्हणून तर हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलून मोडतो आणि आतला रंग बघतो. इथं घर असं मोडून बघायला परवानाधारक इन्स्पेक्टर मिळतो, त्याची फी आपण भरायची. टेक्सासात एक सोय मला फार आवडली. सौदा ठरला की विक्रेत्याला थोडी वेगळी रक्कम द्यायची. मग ठरलेल्या दिवसांत कारण न सांगता सौदा मोडता येतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ही मुभा संपते. रक्कम बुडते, पण घर गळ्यात पडत नाही.

इन्स्पेक्टर म्हणून एक उंच म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं मोजकं. जावई त्याला ओटा दाखवायला गेले तर तो ओट्याकडं न बघता पोटमाळ्यावर चढला. खाली आला आणि म्हणाला, न्हाणीघरातला पंखा ओली हवा बाहेर टाकत नाही, सगळी माळ्यावर सोडतो. मग त्यानं भिंतीतले सॉकेट तपासले. तीन भोकांचे नवेकोरे सॉकेट, मागं तारा दोनच. अर्थिंगचा पत्ता नाही. पुढं मोरीच्या पाइपात कॅमेरा सोडणारा वेगळा माणूस आला, त्याची फी वेगळी. फरशीखालचे ओतीव लोखंडाचे पाइप 1959 चेच निघाले. मधे खचलेत आणि तिथं पाणी साचून राहिलंय. ते बदलायचे तर नवी फरशी फोडा, नाहीतर घराखालून बोगदा खणा. बोगदा खणणाऱ्या कंपन्या इथं आहेत, थट्टा करत नाही.

पण खरा घोळ जमिनीचा. हा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा. माती काळीभोर, एके काळी इथं कापूसच कापूस असायचा. पाऊस पडला की फुगते, ऊन लागलं की भेगाळते. अंगणातल्या एका भेगेत आमच्या चिंगीची चप्पल गेली तेव्हा मला एकदम आपल्या खालच्या रानात उभं असल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की आपण काळ्या रानात घर बांधायचं म्हटलं तर मुरूम लागेपर्यंत पाया खोदतो. इथल्या लोकांनी मातीवरच काँक्रीटची लादी टाकली आणि तिच्यावर घर उभं केलं. माती हलली की लादी वाकते. म्हणून लोक काय करतात, तर उन्हाळ्यात घराभोवती झिरपणारा पाइप अंथरून पायाला पाणी देतात. टंचाईत हिरवळीचं पाणी तोडलं तरी पायाला पाजायची मुभा बऱ्याच शहरांत असते. तुम्ही पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याची पाळी यायची म्हणून रात्रभर बांधावर बसायचं आणि तुमच्या लेकीनं इकडं घर भिजवायचं. बरं, त्याला ना कोंब येणार ना हळद लागणार.

म्हाताऱ्यानं यंत्र लावून घराची पातळी मोजली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन इंचांचा उतार. चिंगीनं चेंडू ठेवला तो आपला आपण कोपऱ्यात जाऊन थांबला. आई, तुझ्या समाधानासाठी होकायंत्र लावून बघितलं. उतार बरोबर ईशान्येला आहे. वास्तुशास्त्राप्रमाणं याहून शुभ घर अख्ख्या काउंटीत सापडणार नाही.

इथपर्यंत मी डगमगले नव्हते. या मातीवरच्या जुन्या घराला भेगा असणारच, त्यात काही गैर नाही. लादीखाली खांब रोवून ती सावरता येते, आणि तशी दुरुस्ती केलेली शेकडो घरं इथं सुखानं नांदताहेत. पण त्या दिवशी फोनवर मी उताराचं सांगितल्यावर, दादा, तुम्ही एवढंच विचारलंत, ‘दारं लागायलीत का नीट?’ लागत होती. सगळी दारं अलगद लागत होती. दोन इंच कललेल्या घरात! संध्याकाळी परत जाऊन बघितलं, तर प्रत्येक दार वरून तिरकं तासलेलं. एका टोकाला पूर्ण, दुसऱ्या टोकाला बोटभर कमी, आणि त्यावर झकास पांढरा रंग. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, ‘मग तासणाऱ्याला विचार, तासलं कामून?’

विचारलं. म्हणजे आधी विक्रेत्यानं भरून दिलेला कागद काढला. टेक्सासच्या कायद्यानं विकणाऱ्याला घराच्या दोषांचा एक तक्ता भरून द्यावा लागतो. पण त्यातला प्रश्न ‘दोष आहे का’ असा नाही, ‘तुम्हाला माहीत आहे का’ असा आहे. हा गृहस्थ त्या घरात एक रात्रही झोपलेला नाही. पाया? माहीत नाही. मोरी? माहीत नाही. वायरिंग? माहीत नाही. पानभर माहीत नाही! मार्चात आणि परत जुलैत आपल्याकडं भूकंपाचे 4.5 चे धक्के बसले, माजघराच्या भिंतीला भेग गेली, तेव्हा तुम्ही ती लिंपली नाहीत. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घातलीत, वाढली तर कळावं म्हणून. इथं विटांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भेग मसाल्यानं बुजवली, वरून विटेच्या रंगाचा हात मारला, आणि कागदावर लिहिलं, माहीत नाही. कलतं दार तासायला मात्र बरोबर माहीत होतं.

जावयांनी एक्सेल उघडलं. पाइप, खांब, वायरिंग, पंखा. बेरीज बघून त्यांनी ओट्याचा एक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, भाव पाडून मागू. एजंटबाईंनी विक्रेत्याच्या एजंटला फोन केला. तिकडून उत्तर आलं की किमतीचं बोलू, पण तपासणीचा अहवाल कृपा करून आम्हाला पाठवू नका. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. त्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे: गेल्या चार वर्षांत तुमच्या हाती तपासणीचा लेखी अहवाल आलाय का? आला असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला त्याची प्रत द्यावी लागते. म्हणजे आमचा अहवाल त्यांच्या हाती पडला की त्यांना सगळं माहीत झालं! त्यांनी जपून ठेवलेलं अज्ञान तिथंच संपलं.

आपल्याकडं नव्या फ्लॅटच्या बांधकामातल्या दोषाला रेरा कायद्यानं बिल्डर पाच वर्षं बांधलेला असतो. पण अशा जुन्या घरामागं कुणी उभं राहत नाही, हे आत्याबाईंनाही सांगा. त्या नांदेडला जुना फ्लॅट बघतायत म्हणे.

मग आमच्यात भांडण झालं. त्याचा तपशील देत नाही, पण ओटा हा शब्द फार वेळा आला. शेवटी जावईच म्हणाले की ओटा आपण कुठल्याही घरात बांधू, पाया बांधता येणार नाही. हे वाक्य माझंच होतं, मी आदल्या रात्री म्हटलं होतं, असो. मुदतीच्या दिवशी पाचच्या बऱ्याच आधी नकार कळवला. सोबत अहवाल जोडला. सगळी पानं, फोटोंसकट, तासलेल्या दारांसकट. एजंटबाई म्हणाल्या, मागितला नसताना? मी म्हटलं, हो. पुढचं कुणी गिऱ्हाईक आपल्या वसमतकडचं निघालं तर?

तपासणीची फी गेली, सौदा मोडायची रक्कम गेली. जावई त्याला तोटा म्हणतात, मी म्हणत नाही.

रविवारी गार्लंडला एक घर बघायला जातोय. भिंतीला दोन भेगा, न्हाणीघर हिरवं, स्वयंपाकघरातली कपाटं जुन्या काळची. मालकीणबाई तिथंच राहतात आणि पाया सावरल्याच्या पावत्या, हमीच्या कागदासकट, त्यांच्याकडं आहेत. ओटा नाही.

ता. क. : त्या पहिल्या घराची किंमत काल रात्री पंधरा हजारांनी उतरली. जावई पहाटे स्वयंपाकघरात अंधारात फोन घेऊन बसले होते. काय बघायलात विचारलं, तर म्हणाले हवामान.

तुमची,
ताई