कच्चेकाका

कच्चेकाकांचं खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे. बाकी सोसायटीत सगळे त्यांना कच्चेकाकाच म्हणतात. रागात असल्या की काकूसुद्धा. हे नाव पोरांनी ठेवलं. एका गणपतीत फॅन्सी ड्रेसची स्पर्धा झाली, काकांनी फोटो काढले आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत पोरं त्यांना रोज जिन्यात अडवून विचारत राहिली, "काका, फोटो झाले का?" काका रोज तितक्याच प्रेमानं सांगत, "कच्चे आहेत रे अजून." त्या वेळी जो शिवाजी महाराज झाला होता, त्याला आता खरी मिशी फुटली आहे. फोटो कच्चेच आहेत.

काका एका सरकारी खात्यात तेहतीस वर्षं फायलींच्या सहवासात काढून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आली तसा त्यांनी निकॉनचा कॅमेरा घेतला. दुकानदारानं सवयीप्रमाणे तो जेपेगवर लावून दिला होता. काकांनी रात्री कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. असं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पहाटे कधीतरी त्यांना 'रॉ' हा शब्द सापडला आणि कळलं, की कॅमेऱ्यातसुद्धा फाइल असते, तिच्यातला मूळ मजकूर कुणाला बदलता येत नाही आणि ती कधीच बंद करावी लागत नाही. निवृत्त माणसाला आणखी काय हवं?

तेव्हापासून काका येईल-जाईल त्याला सांगू लागले, "मी फक्त रॉमध्येच काम करतो." याचा वॉचमननं भलताच अर्थ लावला. नोकरीभर गप्प बसलेला हा माणूस गुप्तहेर होता, अशी त्याची खात्री पटली आणि तो काकांना सलाम ठोकू लागला. काकाही गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून पहाटे चारला बाहेर पडायचे. ते भिगवणला रोहित पक्षी बघायला निघालेत, हे वॉचमनला कोण सांगणार?

रॉ म्हणजे काय, हे मी काकांकडूनच शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा, लिफ्ट बंद असल्यानं सुटका नव्हती. "हे बघ," काका म्हणाले, "जेपेग म्हणजे खानावळीतलं ताट. मीठ त्यांचं, तिखट त्यांचं. रॉ म्हणजे शिधा. डाळ, तांदूळ, पीठ, गूळ सगळं तुझ्या पुढ्यात. आता वरण कर नाहीतर पुरण कर." काकू दारातून म्हणाल्या, "आणि चूल पेटवायची नाही, हे पण सांगा त्याला."

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचं ऐकणंही रॉ आहे; सगळं नोंदलं जातं, पण उघडलं जात नाही.

पहिल्या मजल्यावर सेन्सर आला. त्यावरच्या ठिपक्यांना म्हणे रंग कळत नाहीत, नुसता उजेड मोजता येतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच बसवलेली असते. चार ठिपके घेतले, तर दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर नावाच्या गृहस्थांनी ही मांडणी काढली आणि 1976 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. "मग उरलेले दोन रंग?" मी विचारलं. "शेजारच्या ठिपक्यांकडे चौकशी करून अंदाजानं भरायचे." हे मला लगेच पटलं. आमच्या सोसायटीतही प्रत्येकाला घटनेची एकच बाजू दिसते आणि बाकीचं चित्र शेजाऱ्यांकडे चौकशी करूनच पुरं होतं.

दुसऱ्या मजल्यावर पायऱ्या आल्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून झगझगीतपर्यंत 256 पायऱ्या. काकांच्या चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. "आता तूच सांग, एवढा घाट सोडून मी जिन्यानं का चढू?" मी त्या वेळी जिन्यानंच चढत होतो, त्यामुळे काही बोललो नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं ज्ञान मात्र काकांनी स्वतः दिलं नाही, ते मला एका मासिकात सापडलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर जे दिसतं, तो रॉ फोटो नसतोच. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानंच करून ठेवलेला एक छोटेखानी जेपेग असतो, पडद्यावर तो दिसतो. मी दुसऱ्या दिवशी निरागसपणे विचारलं, "म्हणजे काका, तुमच्याकडे एक लाख चाळीस हजार जेपेग आहेत?" चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला श्रावण संपताना कुणी सांगावं, की रोज खाल्लेल्या केकमध्ये अंडं होतं, तसा त्यांचा चेहरा झाला. "तो... तो फक्त दर्शनापुरता," ते म्हणाले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक लाख चाळीस हजार हा आकडा मी फुगवलेला नाही. एकेक फाइल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे चार टीबीची एक डिस्क मूळ, दुसरी तिची नक्कल, आणि दोन्ही गोदरेजच्या कपाटात, काकूंच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी. डब्यापेक्षा डिस्कांची संख्या वाढत चालली आहे, अशी काकूंची तक्रार आहे. आवक रजिस्टरही आहे. तारीख, स्थळ, फायलींची संख्या, सगळं सुवाच्य अक्षरात. जावकाचा रकाना आखलेला आहे. कोरा आहे.

काकांना फोटो दुरुस्त करता येत नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. संगणकावर त्यांचा हात बसलेला आहे आणि त्यांची पद्धत तेहतीस वर्षांच्या नोकरीतली आहे. "मूळ कागदाला हात लावायचा नाही. बाजूला टिपणी चढवायची," ते समजावतात. आणि गंमत म्हणजे रॉचं काम खरोखर तसंच चालतं. उजेड वाढवा, सावली उघडा, रंग फिरवा. मूळ फाइल जशीच्या तशी राहते. तुमच्या सूचना तेवढ्या वेगळ्या टिपून ठेवल्या जातात, बऱ्याचदा शेजारच्या एका चिमुकल्या एक्सएमपी फाइलमध्ये. कॅमेरे बनवणाऱ्यांना आणि आमच्या मंत्रालयाला एकाच वेळी एकच गोष्ट सुचली, हा काकांच्या अभिमानाचा विषय आहे. फक्त मंत्रालयात टिपणीखाली शेवटी कुणीतरी सही करतं. काकांच्या टिपण्या 'चर्चा करावी'च्या पुढं गेलेल्या नाहीत.

एकदा मी त्यांना धीर करून म्हटलं, "काका, एखादा फोटो संपवा ना." ते म्हणाले, "ॲन्सल ॲडम्स ऐकलेत का? मोठा छायाचित्रकार. आधी पियानो शिकला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीताचं नोटेशन आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं मानायचा."

"मग मैफल कधी?"

"तानपुरे लागतायत."

हे सगळं मी मजेनं बघत होतो, तोवर ठीक होतं. मग माझ्या आईला पंचाहत्तर पूर्ण झाली.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. सोसायटीतले सगळे तिला बाईच म्हणतात. हॉल घेतला, दोनशे माणसं आली आणि काकांनी आपण होऊन फोटोंची जबाबदारी घेतली. मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी 1,140 फोटो काढले. दिव्यानं ओवाळताना, पेढा भरवताना, पेढा नको म्हणताना, पेढा खाल्ल्यावर.

पंधरा दिवसांनी मी विचारलं. कच्चे. महिन्यानं विचारलं. काका म्हणाले, "आधी सगळे डीएनजीत नेतोय." डीएनजी हे ॲडोबीनं 2004 साली काढलेलं, सर्वांना खुलं असलेलं स्वरूप. प्रत्येक कंपनीची रॉ फाइल निराळी. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फूजीची आरएएफ. उद्या एखादी उघडेनाशी झाली तर? "पन्नास वर्षांनी बाईंचे फोटो दिसायला नकोत का?" काकांचा सवाल बिनतोड होता. मी तो आईला सांगितला. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, मी थांबते."

तिसऱ्या महिन्यात मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी जड अंतःकरणानं एक पेनड्राइव्ह दिला. तो घेऊन मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याच्या संगणकानं फायलींकडे पाहिलं, फायलींनी संगणकाकडे पाहिलं, ओळख पटली नाही. "फाइल करप्ट आहे," तो म्हणाला. मी हे वाक्य काकांना जसंच्या तसं सांगितलं, ही माझी चूक. तेहतीस वर्षं एक पैसा न खाल्लेल्या माणसाच्या फाइलला करप्ट म्हणणं!

शेवटी आई उठली. "ते फोटो काय अढीत घातलेत का?" म्हणाली. चष्मा घेतला आणि तडक काकांच्या घरी. मी मागोमाग.

काकांनी पडद्यावर पहिला फोटो उघडला. आम्ही दोघं गप्प झालो. सगळं राखाडी, मळकट, जणू समारंभ धुक्यात झाला होता. "रॉ असाच दिसतो," काका म्हणाले. "यावर अजून कुणी मत दिलेलं नाही." मग त्यांनी दोन-तीन कळा सरकवल्या आणि काळोखातून हळूहळू माणसं वर आली. मागच्या रांगेत अंधारात बसलेली माझी आत्या दिसू लागली. ती आली होती, हेच मला त्या क्षणी कळलं. प्रमुख पाहुण्यांच्या टकलावर मात्र पांढरा डाग होता, तो काही केल्या हटेना. "बादली भरून वाहिली, की वाहून गेलेलं पाणी रॉमध्येही परत मिळत नाही," काका खिन्नपणे म्हणाले. आई म्हणाली, "राहू दे. त्यांचं तसंच चमकतं."

आणि मग साडी आली. आईनं त्या दिवशी अंजिरी पैठणी नेसली होती. नातेवाइकांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत ती कुठं चॉकलेटी होती, कुठं लाल, आणि मंचावरच्या जांभळ्या दिव्याजवळ चक्क वांग्याच्या रंगाची. आईनं त्यातला एकही फोटो कुणाला दाखवला नव्हता. इथंही ती तपकिरीच दिसत होती. हॉलमध्ये पिवळे बल्ब होते, दारातून दिवसाचा निळसर उजेड येत होता. मोबाइलनं त्यातलं काहीतरी एक ठरवून टाकलं होतं. रॉमध्ये तसं नसतं. पांढरा कशाला म्हणायचं, हे शूटिंगच्या वेळी पक्कं होत नाही. कॅमेऱ्यानं सुचवलेला आकडा नुसता टिपून ठेवलेला असतो, नंतर हवा तसा फिरवता येतो.

"मग फिरवा," आई म्हणाली.

"तिथंच तर अडलंय ना, बाई," काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तीन हजार दोनशे केल्व्हिन धरू, की साडेतीन हजार? दोन्ही बरोबर दिसतात. कशाच्या आधारावर ठरवू? पुरावा नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी घरी जाऊन कपाटातून पैठणी आणली. आईनं ती बाल्कनीच्या उजेडात उलगडली, पदर हातात धरला आणि म्हणाली, "हा पुरावा. चला." काका कळ सरकवू लागले. "पुढं... पुढं... थांबा. एक घर मागं. हं. हाच."

"नक्की?"

"साडी माझी आहे."

काकांनी कळ सोडून दिली. तेहतीस आणि वर निवृत्तीची सहा, अशा एकोणचाळीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी इतक्या झटपट निर्णय घेतला नसावा.

पुढचं काम आईनं पेपर तपासावेत तसं केलं. पास, नापास, नापास, नापास, पास. 1,140 फोटोंना दोन तास लागले. "नापासांची फेरतपासणी?" काकांनी क्षीणपणे विचारलं. "पुढच्या वर्षी," आई म्हणाली. चाळीस उरले. मग काकांनी डोळे किंचित मिटून, इंजेक्शन घेताना मिटतात तसे, त्यांचे जेपेग काढले. काकूंनी आतून शिरा आणला. तो मात्र पूर्ण शिजलेला होता.

दोन दिवसांनी काका आमच्याकडे आले. हातात मोठा प्रिंट, बटर पेपरात गुंडाळलेला. आई ओवाळून घेता घेता हसते आहे, अंजिरी रंग अंजिरीच आहे. आईनं तो बराच वेळ पाहिला आणि उलटून धरला. मागं काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मसुदा क्र. 7. मान्यतेस्तव सादर.'

आईनं टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. 'मान्य' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली.

काका त्या शेऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर आमच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. तिच्या उजेडात रंग जरासा वेगळा दिसतोय, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं, पण ते बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, याची एक प्रत मला फाइलला लागेल."

आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्या लाल सहीचा फोटो घेतला. जेपेगमध्ये.