डबलराव

मस्टरवर नाव वेगळं आहे, पण ऑफिसात त्यांना सगळे डबलरावच म्हणतात. खिशाला दोन पेनं, दोन कंपन्यांची दोन सिमं, बॅगेत दुसरा चष्मा. पुतणीच्या लग्नात अक्षता वाटता वाटता त्यांनी गुरुजींना विचारलं होतं, "तुमचा घसा बसला तर पुढचं कोण म्हणणार?"

सर्व्हर रूम म्हणजे त्यांचं देवघर. तिथल्या लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं. दोघांची मोट बांधून केलेला 'बॉन्ड झिरो', आणि आयपी पत्ता त्या जोडीच्या नावावर. मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप: एकानं राबायचं, दुसऱ्यानं बसून राहायचं.

नव्या पोरानं दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये खोचल्या, तेव्हा डबलराव गरजले, "स्विच गेला की दोघंही एकदम वैकुंठाला?" दुसरा स्विच आला. मग गुडघे टेकून त्यांनी रॅकच्या मागे पाहिलं, तर दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर! दुसरा यूपीएस येईपर्यंत त्यांना जेवण गोड लागलं नाही.

"एमआयआयमॉन किती ठेवलास?"

"शून्य, सर."

"म्हणजे लिंक तुटली तरी कुणी बघायचं नाही!" त्यांनी तिथं शंभर मिलिसेकंद घातले. आता सेकंदाला दहा वेळा लिंकची तपासणी. पण रात्री झोप लागेना. वायरीची लिंक फक्त शेजारच्या स्विचपर्यंतचं सांगते. त्यापुढचा रस्ता बंद पडला तरी दिवा हिरवाच. सकाळी ते काढून एआरपीची तपासणी लावली: ठरावीक वेळानं पलीकडच्या पत्त्याला 'आहेस का?' विचारायचं. पत्ते अर्थातच दोन.

मुख्य कार्ड बरं होऊन परतलं, तर त्याला लगेच कारभार द्यायचा का? "मुळीच नाही! एकदा पडलेलं पुन्हा पडतं. चालू असलेलं पडलं तरच याचा नंबर." प्रायमरी-रिसिलेक्टपुढे त्यांनी 'फेल्युअर' लिहिलं. महिनाभराच्या रजेवरून त्याच दिवशी परतलेले मॅनेजर हे ऐकून जरा गप्प झाले.

आणि मग, सगळे मॉनिटरसमोर बसलेले असताना, डबलरावांनी चालू वायर खस्सकन उपटली. अकाउंट्सच्या बाईंनी डोळे मिटले. पिंगची एक-दोन उत्तरं गळाली आणि गाडी पुन्हा चालू. बॉन्डची हालहवाल सांगणारी प्रोक फाइल उघडून त्यांनी मोठ्यानं वाचलं: चालू कार्ड दुसरं, पहिल्याच्या खात्यावर लिंक तुटल्याची नोंद एक. मग दुसरीही वायर उपटली, पण पहिली परत खोचून.

हल्ली त्यांनी हाताखाली दोन पोरं मागितली आहेत, एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक बॅकअप. बॅकअपच्या जागेवर साऱ्या ऑफिसचा डोळा आहे.

तुमच्याकडे असा डबलराव असेल तर खुशाल हसा, पण त्याला वायर उपटू द्या. उपटून न पाहिलेली दुसरी वायर असून नसल्यासारखीच.