अठरात जात नाही

भाऊंना लग्नाला बोलावू नये. मंगलाष्टकं रंगात आलेली असतात आणि हे खिशातला टेप काढून कार्यालयाच्या जुन्या दाराची फळी मोजत असतात. मग शेजारी उभ्या नवरीच्या मामाला हळूच सांगतात, “एकोणीस आहे. अठरात जात नाही.” मामाला वाटतं, हॉलचं बिल वाढलं.

धायरीत भाऊंची सुतारकामाची छोटी शेड आहे. तिथलं १३ इंची रंधा मशीन सुरू झालं की गल्लीतली कुत्रीसुद्धा जागा बदलतात. मोठं घ्यायचं, हे कधीच ठरलंय. १८ इंची की २४, एवढाच प्रश्न आहे, आणि तो सुटेपर्यंत भाऊंच्या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: अठरात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या. देवळाचा उंबरठा जातो. व्याह्यांचा झोपाळा जात नाही. डॉक्टरांनी तपासायला आडवं व्हायला सांगितलं, तर हे आधी टेबल मोजायला लागले. “चोवीसात आरामात जाईल,” म्हणाले. डॉक्टरांनी बीपी पुन्हा घेतलं.

राजकोटच्या मशीनवाल्याचा माणूस येतो, बटाल्याचा येतो. चहा पितात, कोटेशन ठेवतात, घाम पुसत जातात. कारण डेमोला भाऊ स्वतःची फळी घेऊन जातात. फळी बाहेर आली की टोकांवरून अंगठा फिरवतात आणि मान हलवतात, “शेवटच्या दोन इंचांत खाल्लंन.” एका पोराने सांगितलं, आमचं मशीन वाकडी फळी सरळ करतं. त्याला उभ्या उभ्या शिकवणी मिळाली. पिळलेली फळी रोलरखाली दबते, सभेत अध्यक्षांसमोर दबणाऱ्या सभासदासारखी, आणि बाहेर आली की मूळच्या पिळावर. जाडी एकसारखी, पीळ कायम. आधी सरफेस प्लेनरवर एक बाजू सरळ काढायची, मग जाडी. पोरगं वहीत लिहून घेत होतं.

मुलाचा हिशेब वेगळा आहे. साडेसात एचपीची मोटर, थ्री फेज, भुसा ओढायचं यंत्र, आणि शेडमध्ये येतं काय, तर ८ बाय ४ चं प्लाय. त्याला रंधा कशाला? गिऱ्हाइकाला दिवाळीच्या आत लॅमिनेटचं कपाट हवंय. एज बँडर घेऊ, असं तो म्हणतो. साग आलाच तरी तो लागवडीचा, फळ्या अशा अरुंद की त्या जोडूनच रुंदी करावी लागते. मुलाचं बरोबर आहे. ते त्याला भाऊंसमोर सांगायला मी जात नाही.

भाऊंचा जीव अडकलाय तो पेठांतल्या वाड्यांत. वाडा पडला की त्यातलं सागवान बाजारात येतं, आणि त्यात कधीतरी दोन फूट रुंद फळी निघते. सोबत खिळे. एक जरी आत राहिला तरी पात्यांना खाच, म्हणून हा माणूस तासन्‌तास लोहचुंबक फिरवत बसतो.

आमच्या वाड्यातली माजघराची फळी मीच त्यांच्याकडे टाकली होती. २२ इंच. मुलगा म्हणाला, मधून चिरू, दोन्ही भाग मशीनमधून काढू, परत जोडू. सांधा दिसणार नाही. भाऊंनी उत्तर दिलं नाही. हातरंधा काढला, पातं परजलं आणि कामाला लागले. सागात वाळूचा अंश असतो, धार टिकत नाही. पुन्हा परजलं, पुन्हा लागले. बिल मात्र सणसणीत लावलं. मी घासाघीस केली नाही, आणि एरवी मी तसं सोडणारा माणूस नाही.

हल्ली भाऊ मशीनवाल्यांना फोन करत नाहीत. वाडे पाडणाऱ्या ठेकेदाराला करतात. २४ इंची घेतलं तर पैसे वसूल व्हायला हवेत ना! “अजून किती उरलेत हो?” असं विचारतात.

“तुम्ही मशीन बुक करा,” तो म्हणतो, “पाडायचं माझ्याकडे लागलं.”